भोक पाडलेला ड्रम

आमच्या रोह्याच्या गोदामात ड्रमला भोक पाडायचं काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. ड्रम आडवा पाडायचा, गुडघ्यानं दाबून धरायचा, बुडाच्या जरा वर छिन्नी टेकवायची आणि हातोड्याचे ठोके घालायचे. अंगठा जाईल एवढं भोक पडलं की तो ड्रम पाण्याला मेला. मग तो मागच्या भिंतीशी टाकायचा आणि दाणा करणाऱ्याची गाडी आली की तिच्यात चढवायचा.

दाणा म्हणजे प्लास्टिकचा. ड्रम धुऊन, कापून, दळून त्याचे बारीक मणी करतात आणि त्याचे पुढं पाइप होतात. चांगले ड्रम आम्ही तसेच विकतो. फळांचा रस, साखरेचा पाक, लोणच्याचा मसाला असला खाण्याचा माल ज्यात आलेला असतो तो ड्रम सोड्याच्या पाण्यानं धुतला की पंधरा वर्षं पाणी भरा. रोह्यापासून पेणच्या खाडीपर्यंत एक अंगण दाखवा जिथं निळा ड्रम उभा नाही. औषधाच्या, केमिकलच्या मालाचे ड्रम आम्ही घेतच नाही. त्याचा परवाना वेगळा, माणसं वेगळी. पण व्यापाऱ्याकडून लॉट उचलला की त्यात एखादा तसला मिसळून येतोच. तो वेगळा काढायचा आणि पहिलं काम म्हणजे त्याला भोक पाडायचं.

भंगारवाली म्हणून मला नाकं मुरडणारे खूप आहेत. गोदामावरून जाताना पदर नाकाला लावतात. त्यांना मी एकदा गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डेपोवर नेणार आहे. माझ्याकडं येतं त्यातलं निम्मं तरी तिथं जाऊन पडलं असतं, आणि तिथं पडलेलं प्लास्टिक कुजत नाही, फक्त पेटतं. उन्हाळ्यात डेपो पेटला की धूर त्यांच्याच गॅलरीत येतो. तेव्हा मात्र पदर लावून भागत नाही, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मला या धंद्याची लाज कधी वाटली नाही. राग मात्र रोज येतो, कधी लोकांचा, कधी स्वतःचा.

माझं माहेर पेणच्या खारेपाटात. बापाचं मिठागर होतं, आता भाऊ भातशेती करतो आणि मिठाच्या दिवसांत दुसऱ्यांच्या आगरावर कामाला जातो. माझ्याहून धाकटा. मला बाय म्हणतो. गावाला चहूबाजूंनी पाणी, प्यायला थेंब नाही अशी गत. बोअर मारली तर खारट लागते. एप्रिलपासून टँकर, तोही आज आला तर परत कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून तिथं ड्रमला दागिन्यासारखं जपतात. घरात सोनं किती हे विचारण्याआधी ड्रम किती हे विचारतात, असं आम्ही हसण्यावारी म्हणतो, पण ते तितकंसं हसण्यावारी नाही.

त्या वर्षी मे महिन्यात भावाच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडं हळद लग्नापेक्षा मोठी. अख्खा गाव जेवतो, वर पाहुणे. हळदीच्या दिवशी सकाळी मी गोदामात नुसती डोकावायला आले होते, कामवाल्या बाईला किल्ली देऊन निघायचं होतं. मागच्या भिंतीशी नजर गेली आणि मी थांबले. परवा भोक पाडलेले दोन ड्रम तिथं होते. आता एकच होता.

मी बाईला विचारलं. ती सहज म्हणाली की काल तुम्ही कोलाडला माल आणायला गेला होतात तेव्हा तुमचे भाऊ येऊन गेले. पाणी साठवायला ड्रम कमी पडतोय म्हणत होते. तिनं त्यांना सांगितलं, ताईंनी धुऊन ठेवलेत त्यातले न्या. तर नको म्हणाले. बायच्या धंद्यातला चांगला माल मी कशाला नेऊ, तो विकला जाईल. हा फुटका तसाही तिच्या कामाचा नाही, हाच नेतो, बुजवून घेईन. बाईला वाटलं, कचरा नाहीतर चुन्याची फक्की भरायला नेत असेल. तिनं मला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात तिला काही दिसलं नाही.

भावाला मी जन्मापासून ओळखते. बहिणीच्या घरचं काही घ्यायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. भाऊबीजेला येतो तेव्हा ताटात घालून जातो, माझ्याकडून डबा न्यायचा म्हटलं तरी तोंड वळवतो. एवढी गरज पडली तेव्हा कुठं गोदामात पाऊल टाकलं, आणि तिथंही त्यानं शोधून शोधून सगळ्यात वाईट उचललं. ते भोक म्हणजे खूण आहे, फूट नव्हे, हे त्याला कोण सांगणार? खाडीकाठचा माणूस भोक बघतो तेव्हा त्याला ते बुजवायचंच सुचतं. होडी असो, बांध असो, भोक बुजवणं हाच तिथला जन्माचा धंदा.

उरलेल्या ड्रमला मी नाक लावलं. कुजक्या लसणासारखा वास. दोन्ही एकाच मालाचे होते, शेतीच्या कीटकनाशकाच्या कामाचं काहीतरी. त्याच्यावरचं लेबल मी खरवडून काढलं आणि पिशवीत टाकलं. नवरा पहिल्या शिफ्टला गेला होता, कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत. भावाला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. लग्नघरात फोन कुठल्या खुंटीवरच्या सदऱ्यात असेल देव जाणे. शेवटी भावजयीनं उचलला. मागं लाउडस्पीकर ठणाणा करत होता.

मी ओरडून सांगितलं की काल आणलेल्या ड्रमातलं पाणी कोणाला देऊ नका, त्यात विष आहे. ती म्हणाली, "वन्सं, सगलेच निले हायत. त्यातला कंचा?"

तिचं खरं होतं. एका रांगेत उभे असतील सगळे, एकाच रंगाचे, एकाच उंचीचे, सगळे भरलेले. बुजवलेलं भोक भिंतीकडं असेल. मी म्हटलं कुठल्याच ड्रमाला हात लावू नका, मी येते, आणि भावाला सांग. ती बरं म्हणाली की नुसतीच हुंकारली, ते स्पीकरच्या आवाजात कळलं नाही आणि फोन बंद पडला. नंतर तो लागलाच नाही.

टेम्पो मी स्वतः चालवते. बाई म्हणाली कोणाला तरी सोबत न्या, पण शोधायला वेळ कुठं होता. निडी मागं पडलं तोवर मी बरी होते, रस्ता मोकळा होता. नागोठण्याला हायवेला लागले आणि तिथून पुढं जे सुरू झालं त्याला रस्ता म्हणायचं असेल तर म्हणा. एक लेन खणलेली, दुसरीवर ट्रक. धूळ एवढी की काच वर करावी तर जीव घुसमटतो, खाली करावी तर तोंडात माती. मी वाटेत भेटेल त्याला शिव्या घातल्या. ट्रकवाल्याला, रस्ता खणणाऱ्याला, भावाला, त्याच्या मानीपणाला. असला कसला मान, जो स्वतःच्या लेकीच्या हळदीला विषाच्या ड्रमात पाणी भरतो.

वडखळच्या आधी गाड्या थांबल्या त्या हलेनात. उन्हानं टप तापला होता. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. जेवणाची पंगत दुपारी सुरू होते, स्वयंपाकाला पाणी त्याच्या आधीच काढतात. भात, डाळ, ताक, सगळ्यात तेच पाणी. पाहुण्यांची पोरं उन्हातून आली की आधी पाण्याकडं धावतात. टँकरचं पाणी आलं की ते मोजून वापरतात, पण हळदीला कोणी मोजत नाही. पुढच्या बसमधल्या बायका खिडकीतून माझ्याकडं बघत होत्या, कारण मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. एकीनं हातानं विचारलं काय झालं. मी मान फिरवली.

बांधावरचा रस्ता लागला तेव्हा दुरूनच मांडव दिसला. गाणी चालू होती. गाणी चालू आहेत म्हणजे कोणाला काही झालेलं नाही, असं मी मनाला सांगितलं. टेम्पो मांडवाच्या तोंडाशीच उभा केला आणि उतरले. भावजय धावत आली. तिनं माझं ऐकलं होतं. ड्रमांसमोर तिनं खाट आडवी लावून ठेवली होती आणि कोणाला सोडत नव्हती. आचारी तणतणत होता, पाण्याशिवाय भात कसा चढवू म्हणून. कारण कोणाला माहीत नव्हतं, खाट सोडून जाता येईना म्हणून भावालाही नाही. तिनं नुसतं सांगितलं होतं की वन्सं येताहेत, त्या आल्यावर बघू. शाबास तिची. त्या दिवसापासून माझ्या मनात तिची जागा बदलली.

भाऊ घरामागं करंजाच्या सावलीत बसला होता. मला बघून हसला. मी विचारलं तो ड्रम कुठला. त्यानं घराच्या कडेनं लावलेल्या रांगेच्या टोकाचा दाखवला आणि उठून, भिंतीकडच्या बाजूनं, त्याचं भोकही दाखवलं. कापूस आणि डांबर, वरून चोपून गुळगुळीत केलेलं.

"थेंब गलत नाय बग, बाय. होरीसारका बुजवलाय."

त्या ड्रमातलं पाणी कोण प्यायलंय, मी विचारलं. तो म्हणाला, कोणी नाही. मला हायसं वाटतं न वाटतं तोच तो पुढं म्हणाला, "पावन्यांना चांगल्यातला पानी. घरच्यांना पन. फुटक्यातला मीच पितंय कालपास्ना."

मी त्याच्याकडं नीट बघितलं. सावलीत बसलेला माणूस, आणि सदरा पाठीला चिकटलेला. कपाळावरून घाम वाहत होता. बोलताना मधेच तो बाजूला थुंकत होता, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. सकाळी उलटी झाली म्हणाला, उन्हाची धावपळ झाली म्हणून. डोळे बारीक करून बघत होता. मी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

चल, पेणला दवाखान्यात, मी म्हटलं. तो नाही म्हणाला. मी दंडाला धरलं. त्यानं हात सोडवून घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "हल्दीच्या घरान बोलू नको, बाय. पोरीचा लगीन हाय."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला पुरतं कळलं. मुलीचा बाप हळदीच्या दिवशी दवाखान्यात गेला तर ती गोष्ट मुलाकडच्यांच्या कानावर जायला बांध ओलांडायचाही वेळ लागणार नाही. त्या घरचं पाणी विषारी निघालं, असं एकदा झालं की त्या घरी कोण जेवेल? कोणाच्या पोटात साधी कळ आली तरी बोट याच्याकडं. आणि विष आणलं कोणी, तर बापानंच, तेही फुकटचा फुटका ड्रम उचलून. लोक हसतील आणि घाबरतील, दोन्ही एकदम. त्यापेक्षा संध्याकाळपर्यंत सावलीत बसून काढू, असा त्याचा विचार. विचार करता करता त्यानं पोट धरलं आणि खाली वाकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ड्रमाकडं गेले. तो भरलेला ड्रम एका बाईला हलत नाही, पण त्या दिवशी हलला. मी दोन्ही हातांनी कड धरून तो मांडवाच्या बाजूला आडवा केला. पाण्याचा लोंढा अंगणभर गेला, सारवलेल्या जमिनीवरून, रांगोळीवरून, बायकांच्या पायांखालून. मे महिन्यात खारेपाटात ड्रमभर गोडं पाणी ओतून देणं म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच कळेल. एका म्हातारीनं तोंडावर हात घेतला. कोणीतरी गाणं बंद केलं.

"या ड्रमातला पानी कोनी पिऊ नका," मी म्हटलं. "कंपनीचा औषध होता त्यान. चुकून मीच दिला. भावाला काय म्हाईत नव्हता."

मी दिला, असं मी म्हटलं. भावजयीनं माझ्याकडं बघितलं. तिला खरं माहीत होतं. भावानंही मान वर केली, काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याला उमासा आला आणि तो तिथंच ओकला. मग कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. चौघांनी त्याला उचलून टेम्पोच्या मागं घातला. बाकीचे ड्रम चांगल्यांतले आहेत, एक एक मी स्वतः हुंगून बघितला, बुडावरचे शिक्के बघितले, आणि आचाऱ्याला भात चढवायला सांगितलं. मग निघालो. मागं भाऊ, त्याच्या डोक्याशी भावजय. टेम्पोला गचका बसला की तो कण्हायचा आणि प्रत्येक कण्हण्याला मी जास्तच जोरात हाकायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली आणि पहिलं हेच विचारलं, कशातलं काय पोटात गेलंय. मी पिशवीतून लेबल काढून दिलं. ते त्यांनी वाचलं आणि लगेच सिस्टरला सुई भरायला सांगितली. तेवढ्यावरून मला कळलं की मी लेबल आणलं ते बरं केलं, आणि हेही कळलं की प्रकरण साधं नाही. सुईमागून सुई दिली. मधेच मशीनवरचा आकडा बघायचे, परत सुई. कोणी आम्हाला नीट काही सांगत नव्हतं आणि विचारायची छाती होत नव्हती. भावजय बाकावर बसून नुसती हातातल्या बांगड्या फिरवत होती. हिरवा चुडा कालच भरला होता तिनं, मुलीच्या हळदीचा. मी त्या चुड्याकडं बघायचं टाळत होते.

जीव वाचला. ड्रम आधी एकदा विसळलेला होता, पाणी भरपूर होतं, म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याला सोडलं नाही. त्या दिवशी हळद लागली ती गाण्याशिवाय. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं तेव्हा बापाच्या जागी आमचा एक चुलतभाऊ उभा राहिला. मुलाकडच्यांनी काही वाकडं काढलं नाही, चांगली माणसं निघाली. सासरी जाताना पोरगी गाडी वळवून दवाखान्यात आली. बापाच्या हाताला सलाइन होतं, म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. सिस्टरनं झाडून घ्यावं लागेल म्हणून तोंड केलं नाही, उलट स्वतःच बाजूला झाली. मला तेव्हा रडू आवरलं नाही. मुलीचं लग्न भावाला बघता आलं नाही, ते का, तर मी धुऊन ठेवलेला चांगला ड्रम त्याला न्यावासा वाटला नाही म्हणून.

दोनेक आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. आवाज दबका होता. म्हणाली, वन्सं, गावात कोणी ड्रम ठेवत नाही. मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, तुमचं ते बोलणं ऐकलं तेव्हापासून निळा ड्रम दिसला की लोक घाबरतात. एकानं नेऊन खाडीच्या बांधाखाली टाकला, मग दुसऱ्यानं. आता सगळ्या गावाचे तिथं पडलेत. टँकर आला तर हंडे-कळशा भरून घेतात, त्या दुसऱ्या दिवशी संपतात, मग बायका बांध उतरून पलीकडच्या गावाला जातात.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे ठीक. आमच्या गावानं ताकाचं भांडंच फेकून दिलं. मी त्याच दिवशी टेम्पो काढला. बांधाखाली कांदळवनाच्या कडेला गाव पूर्वीपासून थोडाफार कचरा टाकतो, पण आता तिथं निळा ढीगच ढीग होता. भरतीचं पाणी येऊन काही ड्रम उलटे होऊन चिखलात रुतले होते. त्यातले बहुतेक माझ्या हातून गेलेले. कोणाच्या घरी कुठला दिला तेही मला आठवत होतं. पुढच्या उधाणाला ते खाडीत गेले असते आणि खाडीतून कुठं गेले असते देवालाच ठाऊक. मी साडी खोचली आणि चिखलात उतरले.

एक एक वर ओढला. झाकण काढून हुंगला, आत बोट फिरवलं, बुडावरचा शिक्का पाण्यानं धुऊन बघितला. खाण्याच्या मालाचे एका बाजूला, शंका असेल ते दुसऱ्या बाजूला. शंकेचे दोनच निघाले, दुसऱ्या कोणाकडून घेतलेले. त्यांना मी भोक नाही पाडलं, तिथंच करवतीनं मधोमध कापले. त्या दिवसापासून गोदामातही भोक हे फक्त पहिलं काम, त्याच दिवशी ड्रम कापून दोन तुकडे करते. बाकीचे सोड्यानं घासून बांधावर उभे केले. तोवर बायका जमल्या होत्या. हातात रिकामे हंडे, कारण टँकर यायचा होता. मी म्हटलं, हे चांगले आहेत, आपापले घेऊन जा. एकही पुढं आली नाही. एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं आणि राग पण आला, पण बोलायला तोंड नव्हतं. मीच तर सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं होतं की मी विषाचा ड्रम दिला.

हळदीच्या दिवशी तोंडावर हात घेतलेली ती म्हातारी पुढं आली. काठी टेकून तिनं एका ड्रमला नखानं टकटक केलं आणि विचारलं, "तुझे घरान पानी कंच्यान भरतेस गो?"

माझ्या घरी स्टीलची टाकी आहे. पहिली चांगली कमाई झाली तेव्हा घेतली. इतकी वर्षं मी ड्रम विकले, माझ्या माणसांनी घासले, आणि माझ्या स्वयंपाकघरात एकही नाही, हे मला तिनं विचारेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं. पण सांगितलं, स्टीलच्या टाकीत. म्हातारी हसलीही नाही. नुसती काठी टेकत मागं जाऊन उभी राहिली. बायका कुजबुजायला लागल्या. एकीनं हंडा कमरेवर घेतला आणि घराकडं वळली.

भाऊ बांधावरून चालत आला. दवाखान्यानं त्याला निम्मा करून सोडला होता, सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. तो ढिगापाशी थांबला, उन्हात दम घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाय, मना एक दे. चांगला बगून दे."

त्याच्या तोंडून दे हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. लहानपणी भूक लागली तरी तो नुसता चुलीपाशी येऊन बसायचा. मी कडेचा ड्रम निवडला. परत घासला, परत धुतला, उगाच. टँकर आला तेव्हा पहिला तोच भरून घेतला. भावानं घरून तांब्या आणवला होता. त्यानं तो बुडवून काढला आणि ओठांपर्यंत नेला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. बायका बघत होत्या. ड्रम चांगला आहे हे मला माहीत होतं, शिक्का मी दोनदा बघितला होता, वास नव्हता, तरी तांब्या मी परत एकदा हुंगला. आधी मी प्यायले. पूर्ण तांब्या. मग परत बुडवून त्याला दिला.

तो सावकाश प्यायला. मी त्याच्या गळ्याकडं बघत राहिले, प्रत्येक घोट खाली उतरेपर्यंत. पिऊन झाल्यावर त्यानं पालथ्या हातानं मिशी पुसली आणि तांब्या ड्रमावर उपडा ठेवला. मग ढिगातल्या दुसऱ्या ड्रमाकडं बोट केलं.

"आनि एक दे, बाय. एकान भागत नाय."